न लागलेली जोड

चैत्र लागला की आमच्या सोनारीत दोन गोष्टी ठरलेल्या असत. एक काळभैरवनाथाची यात्रा आणि दुसरी तात्या व गुरुजी यांचे भांडण. यात्रेला रथ लागतो, पाहुणेरावळे लागतात, पाळणेवाले आणि रेवडीवाले लागतात. भांडणाला यातले काहीच लागत नसे. पार, दोन म्हातारे आणि चहाचे दोन कप एवढ्या भांडवलावर ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत चाले. आसपासची माकडेसुद्धा त्याला सरावली होती. विषय वर्षानुवर्षे एकच. ऐन भरातले गणपतराव आंदळकर आणि ऐन भरातले हरिश्चंद्र बिराजदार यांची निकाली कुस्ती लागली असती, तर पाठ कोणाची लागली असती?

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. ते बिराजदारांच्या बाजूचे. गुरुजी मूळचे शिराळ्याकडचे, प्राथमिक शाळेवर बदलून आले आणि इथेच राहिले. ते अर्थातच आंदळकरांचे. कारण आंदळकरांचे पुनवत हे गाव शिराळा तालुक्यातले. गावचे माणूस म्हटल्यावर वाद तिथेच अर्धा ठरतो. तात्यांचे काय, असे कोणी विचारले तर ते छातीवर हात मारून सांगत, "बिराजदार आपल्या जिल्ह्याचा हाय!" नव्या पिढीला हे पटत नाही, कारण रामलिंग मुदगड लातूर जिल्ह्यात आहे. पण लातूर जिल्हा झाला १९८२ साली. १९६९ मध्ये बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले तेव्हा निलंगा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात होता, म्हणजे आजच्या धाराशिवात. तात्यांनी ते जिल्हा विभाजन कुस्तीपुरते कधी मान्य केलेच नाही.

ज्यांनी या दोघांना पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आंदळकरांचा जन्म १९३५ चा. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत ते घडले, १९६० साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सर्वांत वरच्या वजनगटात ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. १९६४ मध्ये ते टोकियो ऑलिंपिकला गेले, त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही त्यांचा. बिराजदार १९५० चे. १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, १९७२ साली रुस्तुम-ए-हिंद आणि १९७७ साली बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालवर मिळवलेला तो विजय, ज्याची गोष्ट आजही तालमीतल्या पोरांना सांगितली जाते. सतपाल तेव्हा बावीस वर्षांचा होता, पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण घेतले. म्हणजे पडला तो काही सोम्यागोम्या नव्हता.

आता अडचण बघा. आंदळकर जकार्त्यात लढत होते तेव्हा बिराजदार बारा वर्षांचे पोर होते. बिराजदारांनी सतपालला पाडले तेव्हा आंदळकर बेचाळीस वर्षांचे झाले होते आणि मोतीबागेत पोरे घडवत होते. मधली पंधरा वर्षे कोणत्याही वस्तादाला ओलांडता येणार नव्हती. ती ओलांडायची सोय फक्त आमच्या पारावर होती.

तुम्हाला वाटेल, हे दोघे बसल्या बसल्या कुस्ती लावून मोकळे होत असतील. तसे नव्हते. जोड लावण्यातच त्यांची सारी हयात गेली. आधी मैदान कोणते यावर अडले. गुरुजी म्हणत खासबाग, तात्या म्हणत बेळगाव. खासबागेत माणसे कोल्हापूरची, पंच कोल्हापूरचे, आमच्या माणसाला तिथे न्याय कसला, असा तात्यांचा सवाल. त्यावर गुरुजी शांतपणे विचारीत, "तात्या, पण तुमचे बिराजदार कुस्ती शिकले कुठे? कोल्हापुरातच ना?" मग तात्या उठून जात, ते दुसऱ्या दिवशीच परत येत. मैदान ठरले की साल. आंदळकर १९६२ चे घ्यायचे की १९६० चे? बिराजदार १९७२ चे की १९७७ चे? मग माती की गादी? गुण मोजायचे की पाठ लागेपर्यंत सोडायची? मला आठवते तसे, माझ्या शाळेच्या दिवसांत सुरू झालेली ही कुस्ती प्रत्यक्ष सलामीपर्यंत पोचली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो.

या असल्या कुस्त्यांचा नाद आपल्यालाच आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेत १९६९ साली एकाने मोठा उद्योग केला. हेवीवेट मुष्टियुद्धातले दोन अजिंक्यवीर, रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली, यांची लढत संगणकाला विचारून ठरवायची आणि तिचा चित्रपट काढायचा. मार्सियानो १९५६ मध्ये निवृत्त झाला होता, एकोणपन्नास लढतींत एकदाही न हरता. त्याने पंचेचाळिसाव्या वर्षी वजन उतरवले, टकलावर केसांचा टोप चढवला आणि अलीबरोबर मायामीतल्या स्टुडिओत खोटे खोटे ठोसे मारले. शेवट निरनिराळे चित्रित केले. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत तो चित्रपट लागला तेव्हा तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला लोळवले. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला. संगणक तोच, पण जसा प्रेक्षक तसा निकाल! तात्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, "मग आपला बी तसाच करावा. शिराळ्यात आंदळकर, हितं बिराजदार."

त्या हकीकतीतली दोन दुःखे मात्र मी त्यांना सांगितली नाहीत. चित्रपट लागायच्या आधीच, ऑगस्ट १९६९ मध्ये, मार्सियानो विमान अपघातात गेला. आणि अली त्या स्टुडिओत मोकळा सापडला, कारण त्याला खऱ्या रिंगणात उतरायला बंदी होती. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने नकार दिला होता. १९६७ ते १९७० अशी साडेतीन वर्षे, वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत, जगातला सर्वांत चपळ हेवीवेट मुष्टियोद्धा लढलाच नाही. त्याचा खरा भर कसा होता हे कोणाला सांगता येईल? जो काळ आपण कल्पनेत धरायचा, तोच त्याच्या आयुष्यातून कापलेला.

गामा पहिलवानाचेही पाहा. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये त्याची पोलंडच्या झ्बिश्कोशी गाठ पडली. दोघेही तिशीच्या आसपास, दोघेही भरात, हवी तशी जोड. काय झाले? झ्बिश्को पोटावर पालथा पडून राहिला आणि गामा अडीच तासांहून जास्त वेळ त्याला उलटवायला धडपडत राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लावली तर झ्बिश्को फिरकलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भेटले आणि गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले, पण तेव्हा दोघेही पन्नाशीच्या दारात होते. म्हणजे भरातली कुस्ती निकाली झाली नाही आणि निकाली झाली ती भरातली नव्हती. गामाच्या मोठेपणाबद्दल मला शंका नाही, पण या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मन थोडे खट्टू होते.

बरे, डोळ्यांदेखत झालेल्या कुस्तीचा तरी निकाल लागतो का? फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पाठ टेकली की नाही यावरून केवढे रण माजले ते आपण टीव्हीवर पाहिले. कॅमेरे होते, पंच होते, हजारो माणसे होती. तरी गावोगावच्या पारांवर अजून दोन पक्ष आहेत. तेव्हा आमचे दोन म्हातारे न झालेल्या कुस्तीचा निकाल लावत होते, यात फारसा वेडेपणा नव्हता.

माझे स्वतःचे मत सांगतो. तात्यांच्या हयातीत ते मी तोंडाबाहेर काढले नाही. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात लावता येत नाही, पायाचा वापर चालत नाही. आपल्या मातीतल्या पैलवानाची निम्मी विद्या तिथे बाद होते. तरी आंदळकरांनी त्या परक्या प्रकारात सुवर्ण काढले, याचा अर्थ त्यांच्या छाती-खांद्यांत आणि पकडीत काय ताकद असेल याचा विचार करा. वजनाचीही गोष्ट आहे. एडिंबरोला १९७० मध्ये बिराजदारांनी सुवर्ण घेतले ते खालच्या गटात. हेवीवेटला भारताकडून उतरले होते आंदळकरांचे जकार्त्याचे जोडीदार मारुती माने. बिराजदार पुढे भरले, सतपालसारख्या धिप्पाड मल्लाला त्यांनी पाडले, हे खरे. त्यांना वेगाने पटात शिरायला पहिली दहा मिनिटे मिळाली असती, तर काहीही घडू शकले असते. पण वेळेचे बंधन नसलेल्या निकाली कुस्तीत अर्ध्या तासानंतर मानेवर पडलेला एकेक हात मणामणाचा होतो. माझ्या मते त्या वेळी आंदळकर जिंकले असते. गादीवर सहा मिनिटांची, गुणांची कुस्ती लावली तर मात्र मी पैज घेणार नाही.

हे सारे बोलताना आपण एक गोष्ट सहज गृहीत धरतो. भर म्हणजे जणू पैलवानाच्या अंगात उगवणारी वस्तू, वय झाले की आपोआप येणारी. खरे तर भर बाहेरून येतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तालमी पोसल्या, देशभरचे मल्ल आणून सांभाळले, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. त्या व्यवस्थेच्या खांद्यावर पुढच्या तीन पिढ्या उभ्या राहिल्या. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. इकडच्या पोराला पैलवान व्हायचे तर त्याने आधी गाव सोडायचे. बिराजदार सोडून गेले, म्हणून झाले. बदाम, तूप, दूध, वस्ताद, जोडीची मुले आणि सहा-सात वर्षे दुसरे काही न करण्याची मुभा एवढे जमले, तर विशी-पंचविशीत भर येतो. यातली एक गोष्ट निसटली तरी येत नाही.

तात्यांचा आला नाही. हे मला पुष्कळ उशिरा कळले आणि तेही त्यांच्याकडून नाही. चुलतीने सांगितले.

तात्या विशीत गावच्या तालमीतले पहिल्या नंबरचे पैलवान होते. पहाटे हजार बैठका, पाचशे जोर. घरची एक म्हैस फक्त त्यांच्यासाठी दुभती ठेवलेली. करमाळ्याकडचा एक मल्ल तेव्हा या पंचक्रोशीत नावारूपाला आला होता. १९७३ च्या चैत्रात सोनारीच्या यात्रेत दोघांची कुस्ती लावायची असे दोन्हीकडच्या जाणत्यांनी आदल्या वर्षीच ठरवले. शेवटची कुस्ती, मानाचा फेटा, वर नारळ. आणि १९७२ चा पाऊस आलाच नाही. आधीचेही साल कोरडेच होते. दिवाळीनंतर म्हैस बार्शीच्या बाजारात गेली. तालमीच्या हौद्यातल्या मातीला ताक-तेल घालायला कोणाकडे काही उरले नाही, ती माती उन्हाने भेगाळली. तात्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. खुराक म्हणजे कामावर वाटायची सुकडी आणि घरी मिलोची लाल भाकरी. चैत्रात रथ निघाला, फडही भरला, पण रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या लहान कुस्त्या होऊन संपला. करमाळ्याचा मल्ल आला नाही. तोही कुठेतरी खडीच फोडत असणार. पुढच्या वर्षी चौकशी केली तर तो मुंबईला गिरणीत लागला होता. तात्यांनीही लंगोट खुंटीला लावला. हौद्यात पाय ठेवला तो पुन्हा पोरांना शिकवायलाच.

"त्या मानसाचं नाव त्यांनी घरात कधी घेतलं न्हाई," चुलती म्हणाली. "आन तो आंदळकर-बिराजदार मात्र रोज हाय."

पुढे एकदा धीर करून मी तात्यांना विचारले, "तात्या, करमाळ्याच्या पैलवानाबरोबर तुमची लागली असती तर?" तात्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "लागली न्हाई," एवढेच म्हणाले. वर, "जा, चा सांग दोन," असे सांगून ते पुन्हा गुरुजींकडे वळले आणि बिराजदारांना त्यांनी डाव्या बाजूने एकेरी पटात घातले.

त्या दिवसापासून त्या भांडणाकडे बघण्याची माझी नजर बदलली. वर्तमानपत्रांत, चहाच्या टपरीवर, कट्ट्यावर चालणाऱ्या या 'असते तर'च्या वादांना आपण रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतो. क्रीडा समीक्षक तर नाक मुरडतात, काळ वेगळा, नियम वेगळे, तुलना करू नये म्हणतात. त्यांचे बरोबर आहे. पण या वादात उतरणारी माणसे तुलना करत नसतात, ती जोड लावत असतात. आंदळकर आणि बिराजदार यांना जे मिळायचे ते मिळाले. दोघांनीही पुढे आपापली विद्या वाटून टाकली. मोतीबागेतून आंदळकरांच्या हाताखाली चंबा मुतनाळ आणि दादू चौगुले तयार झाले. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत बिराजदारांकडे काका पवार, राहुल आवारे शिकले. तालमीत एकाला 'आबा' म्हणत, दुसऱ्याला 'मामा'. मामा २०११ मध्ये गेले, आबा २०१८ मध्ये. त्या दोघांना या कुस्तीची गरज नव्हती. गरज होती ती पारावर बसलेल्या माणसाला, आणि त्याने ती आपल्या नावाने न मागता त्यांच्या नावाने मागितली.

गुरुजींना करमाळ्याच्या पैलवानाची गोष्ट ठाऊक होती का? मला वाटते, होती. कारण एवढ्या वर्षांत त्यांनी तात्यांना सगळ्या बाजूंनी कोंडले, दादू चौगुल्यांनी १९७० आणि १९७१ ची गदा घेतली ते आंदळकरांचेच पट्टे होते म्हणून हिणवले, बिराजदारांच्या वजनावरून डिवचले. पण "तुम्ही कधी कोणती मोठी कुस्ती मारली, तात्या?" हा वादातला सर्वांत सोपा डाव त्यांनी कधी टाकला नाही.

तात्या जाऊन आता काही वर्षे झाली. ते गेल्यावरच्या पहिल्या यात्रेला मी गावी गेलो तेव्हा गुरुजी पारावर एकटेच बसले होते. पाठीत वाकलेले, कानाला यंत्र. समोर फडाची हलगी वाजत होती. मी शेजारी बसलो. चहा आला. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग गुरुजी एकदम म्हणाले, "हे बघ, आंदळकरांची पकड जबरदस्त होती हे मला मान्य आहे. पण पहिल्याच झपाट्यात बिराजदार पटात घुसले तर? सतपालचं काय झालं बेळगावात?"

मला क्षणभर कळेना. मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही तर आंदळकरांचे."

"आंदळकरांचा मी आहेच रे," ते म्हणाले. "पण तिकडून बोलायला कोणी राहिलं नाही. तू सांग की, काय म्हणणं आहे तुझं?"

मग मी कप खाली ठेवला आणि इतकी वर्षे पोटात ठेवलेले ते जकार्त्याचे आणि अर्ध्या तासानंतरच्या दमाचे सगळे त्यांना सांगितले. गुरुजींनी ते ऐकून घेतले आणि जागचे हलून बसत म्हणाले, "आरं, तुला काय कळतंय!" अगदी तात्यांच्या बोलीत, तात्यांच्याच आवाजात. फडात तेव्हा पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या चालू होत्या.